टमटमचे तेल घरच्या घरी

बैलगाडीच्या आसाला वंगण घातले नाही तर काय होते, हे देगलूर तालुक्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. चाक कुरकुरते. बैलांना ओढ जड जाते. मग तुंबा झिजतो आणि एक दिवस भर रस्त्यात गाडी बसते. आपली जुनी माणसे बांबूच्या नळकांड्यात एरंडेलाचे वंगण भरून ते गाडीलाच टांगून ठेवीत. लांबच्या बाजाराला निघायचे असले, तर आधी वंगण आणि मग बैल. कुणाची गाडी कुरकुरली, तर वाटेने जाणारा अनोळखी माणूसही टोकायचा, "अहो पाटील, वंगण घाला की!"

आता बैलगाड्या थोड्या राहिल्या. त्यांच्या जागी टमटम आली. हणेगाव, मरखेल, करडखेड, शहापूर, कुठल्याही गावाला जा, ही तीनचाकी तिथे दिसणारच. माणसे नेते, सोयाबीनची पोती नेते, कांदे नेते, कधी नवरानवरीही नेते. तिलाही वंगण लागते. पण तिचे वंगण बंद पेटीत, इंजिनाच्या पोटात असते. ते संपत आले किंवा खराब झाले, तरी वाटेने जाणाऱ्याला कुरकुर ऐकू येत नाही. आतून आवाज बाहेर येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

हे तेल आत करते तरी काय? इंजिनात एक दट्ट्या असतो. त्याला पिस्टन म्हणतात. गाडी रस्त्याने जात असते तेव्हा तो मिनिटाला दोन-तीन हजार वेळा खालीवर होतो. लोखंड लोखंडावर असे घासले, तर थोड्या वेळात लालभडक होऊन चिकटून बसेल. ते घासू नये म्हणून दोहोंच्या मध्ये तेलाचा एक पदर असतो. हा पदर केसाहूनही पातळ असतो. त्या एवढ्याशा पदरावर गाडी चालते, आणि गाडीवर घर चालते. याशिवाय तेल आतली उष्णता बाहेर वाहून आणते, आत जमलेली काजळी आणि लोखंडाचा बारीक चुरा धुऊन आपल्या अंगावर घेते, आणि पिस्टनच्या कड्यांच्या फटी बुजवते. इतकी कामे करून तेल थकते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा कसा, हे तुम्ही जाणताच. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर चढतो, रस्त्यावर काळ्या मातीची धूळ उडते, आणि सहा माणसांच्या जागी दहा बसतात. पुस्तकात लिहिलेल्या मुदतीपेक्षा आपल्याकडे तेल लवकर थकते ते यामुळे.

तेलाला काही शे रुपये लागतात. इंजिन उघडायची पाळी आली, तर कित्येक हजार. शिवाय जितके दिवस गाडी उभी, तितके दिवस भाडे नाही, आणि हप्ता तर कुणासाठी थांबत नाही.

या तीनचाकीचा इतिहास थोडा सांगण्याजोगा आहे. मालाच्या गाडीला आपण सरसकट 'टेंपो' म्हणतो. हा शब्द मराठी नव्हे. टेंपो हे जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराच्या एका मोटार कंपनीचे नाव. तिच्या परवान्याने १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांनी आपल्या देशात तीनचाकी गाड्या बनवायला घेतल्या. गाडी गेली, नाव राहिले. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, बजाज यांना दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. आपण जिला 'ॲपे' म्हणतो ती गाडी मूळची इटली देशातली. दुसरे महायुद्ध संपल्यावर तिकडे लोकांजवळ पैसा नव्हता, रस्ते फुटलेले होते, आणि माल तर न्यायचा होता. म्हणून १९४८ मध्ये स्कूटरला मागे दोन चाके जोडून ही गाडी निघाली. तिच्या नावाचा अर्थ मधमाशी. नाव अगदी शोभून दिसते, कारण ती दिवसभर गुणगुणत इकडून तिकडे ओझी वाहते. आता तिचा कारखाना आपल्या बारामतीत आहे. दिल्लीत तर लष्कराच्या जुन्या मोटारसायकलींना मागे सांगाडा जोडून 'फटफटी' चालवीत. तिचा धूर फार, म्हणून १९९८ मध्ये ती बंद झाली. असो.

तेल बदलण्याआधी आपली गाडी कोणत्या जातीची, हे ओळखले पाहिजे. जुन्या टू स्ट्रोक रिक्षांत तेल पेट्रोलमध्येच मिसळत. ते पेट्रोलबरोबर जळून जाई. तिथे इंजिनाचे तेल बदलण्याचा प्रश्नच नव्हता, फक्त गिअरचे तेल बदलावे लागे. फोर स्ट्रोक पेट्रोल, गॅस किंवा डिझेलवर चालणाऱ्या गाडीत मात्र इंजिनाच्या तळाला तेल साठवलेले असते, आणि ते ठरल्या वेळी बदलावेच लागते. विजेवर चालणारी नवी रिक्षा असेल, तर तिला इंजिनच नाही. तिच्या मालकाने या पाठातला तेलाचा भाग सोडून दिला तरी चालेल.

तेल केव्हा बदलायचे? गाडीबरोबर एक लहान पुस्तिका मिळते. बहुतेकांच्या घरी ती प्लास्टिकच्या पिशवीत तशीच असते, पान न उलटलेली. ती काढा. आता तुम्हाला वाचता येते. तीत किती किलोमीटरला तेल बदलावे, किती लिटर लागते आणि कोणत्या नंबरचे लागते, हे तिन्ही लिहिलेले असते. नव्या गाडीचे पहिले तेल लवकर बदलतात, कारण नवे भाग एकमेकांत बसताना चुरा अधिक पडतो. गाडी वॉरंटीत असेल, तर मात्र घरी हात लावू नका. कंपनीच्या केंद्रातच काम करून घ्या आणि पावती जपून ठेवा. नाहीतर पुढे काही बिघडले, तर हक्क सांगता येणार नाही.

आता हिशेब करू. समजा, पुस्तिकेत ५,००० किलोमीटर लिहिले आहे. तुमची गाडी रोज १०० किलोमीटर चालते. ५,००० ला १०० ने भागा. उत्तर ५० आले. म्हणजे कामाचे पन्नास दिवस झाले की तेल बदलायचे. आज मीटरवर ३८,४५० असेल, तर त्यात ५,००० मिळवा. ४३,४५० झाले. हा आकडा खडूने गाडीच्या आतल्या पत्र्यावर लिहून ठेवा, म्हणजे रोज नजरेसमोर राहील.

दुकानात गेल्यावर 'एक ऑइल द्या' एवढेच म्हणू नका. आपल्या बाजारात तेलंगणातल्या मदनूरचा माणूस तेलाला 'नूने' म्हणतो, कर्नाटकातल्या औरादचा 'एण्णे' म्हणतो. पण डब्यावरचे आकडे तिघांनाही सारखेच असतात. ते इंग्रजी आकड्यांत असतात. तुम्ही मोबाइलवर रोज पाहता तेच हे. समजा डब्यावर '१५ डब्ल्यू ४०' असे आहे. डब्ल्यू हे हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती दाट होते ते सांगतो. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहते ते सांगतो. आकडा मोठा, तेल दाट. खोबरेल तेल पौषात बाटलीत थिजते आणि उन्हाळ्यात पाण्यासारखे होते, हे घरात बायामाणसे रोज पाहतात. इंजिनाचे तेल असे थिजूही नये आणि फार पातळही होऊ नये, म्हणून ही दोन आकड्यांची योजना आहे. 'जाड तेल घाल, इंजिन टिकतं' असे कोणी सांगेल. ऐकू नका. फार दाट तेल बारीक छिद्रांतून वेळेवर पोहोचत नाही.

आणखी एक खूण. डब्यावर 'एपीआय' या अक्षरांजवळ 'सी' ने सुरू होणारी अक्षरे असली, तर ते तेल डिझेल इंजिनासाठी. 'एस' ने सुरू होणारी असली, तर पेट्रोलसाठी. काही डब्यांवर दोन्ही असतात. ज्या गाडीचे क्लचही त्याच तेलात बुडलेले असते, तिला मोटारकारचे तेल घातले तर क्लच घसरते. पुस्तिकेत लिहिले आहे तेच मागा. झाकणाचे सील फुटलेले नाही ना, तारीख वाचता येते ना, ते पाहा. पक्की पावती घ्या. रिकाम्या डब्यांत भलतेच तेल भरून विकणारे लोक असतात. म्हणून आपला डबा रिकामा झाला की त्याला खिळ्याने भोक पाडूनच भंगारात द्या.

सामान फार लागत नाही. बोल्टाच्या मापाचा रिंग पाना, जुने घमेले, नरसाळे, सुती चिंध्या, बोल्टाखाली घालायचा नवा वॉशर, फिल्टर असेल तर नवा फिल्टर, आणि तेल. पाना सैल बसणारा घेऊ नका, त्याने बोल्टाचे कोपरे गोल होतात.

गाडी सपाट जागी उभी करा. उतारावर उभी केली, तर सगळे तेल निघत नाही आणि मापही खोटे दिसते. हातब्रेक ओढा, चाकांना पुढून मागून दगड लावा. पाच मिनिटे इंजिन चालवा, म्हणजे तेल पातळ होईल आणि तळाचा गाळ त्यात मिसळेल. मग बंद करून किल्ली काढून घ्या. किल्ली खिशातच ठेवा. घरात मुले असतात. दहा मिनिटे थांबा. इंजिन कोमट हवे, तापलेले नको. लांबून येऊन लगेच बोल्ट खोलणाऱ्याच्या हातावर उकळते तेल पडते आणि मनगटापर्यंत सालडी निघते. गाडी उचलावी लागली, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. विटा देऊ नका, वीट फुटते.

आता खालचा बोल्ट. इथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण सगळ्यांत मोठी गडबड इथेच होते. काही गाड्यांत इंजिनाचे आणि गिअरचे तेल एकच असते. काहींत दोन्ही वेगळे असते आणि खाली दोन बोल्ट असतात, दिसायला सारखे. मुखेड रस्त्यावरच्या एका गावचा तरुण आमच्या माहितीतला आहे. बचत गटाच्या कर्जावर त्याने जुनी टमटम घेतली. मिस्त्रीचे पैसे वाचावेत म्हणून घरीच तेल बदलायला बसला. त्याने गिअरचा बोल्ट खोलला. तेल निघाले, बोल्ट लावला, आणि नवे तेल वर इंजिनात ओतले. आता पाहा, गिअर कोरडे आणि इंजिनात दुप्पट तेल! चार दिवस उदगीरच्या वाऱ्या केल्या. पांढुरका निळा धूर निघू लागला, तरी त्याला वाटले की नवे तेल आहे, म्हणून असेल. पाचव्या दिवशी गिअरचे दात गेले. आम्हाला भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, मी ऑइल बदललो की! तरी गाडी गेली." ऑइल बदलले होते, खोटे नाही. गाडी दीड महिना दारात उभी राहिली. नवराबायको दोघे सोयाबीन काढायला मजुरीने गेली आणि हप्ता त्या मजुरीतून भरला. पुस्तिका त्याच्याही सीटखाली होती. तीत गाडीचे चित्र होते आणि इंजिनाच्या बोल्टाकडे बाण दाखवला होता.

म्हणून पहिल्या वेळी पुस्तिकेतले चित्र पाहा, शिवाय जाणत्या मिस्त्रीकडून खात्री करून घ्या, आणि इंजिनाच्या बोल्टावर रंगाचा ठिपका द्या. लाल तेलरंग असला तर उत्तम. पुन्हा चुकायचे कारण नाही.

बोल्टाभोवतीची माती पुसा. वरचे तेल भरायचे झाकण सैल करा. हवा आत गेली की तेल चांगले उतरते. तपेलीला एकच बारीक भोक पाडले तर दूध गुळगुळ करत थांबत थांबत पडते, तसेच हे. घमेले खाली सरकवा आणि पाना लावा. बोल्टाच्या तोंडाकडे सरळ पाहून तो घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवायचा. वरून वाकून हात खाली घातला, तर दिशा उलटी वाटते. तेव्हा घाई करू नका. मान खाली करून बोल्ट डोळ्यांनी पाहा आणि मग जोर लावा. शेवटचे आटे बोटांनी काढा आणि हात चटकन बाजूला घ्या. पंधरा मिनिटे तेल गळू द्या. धार थांबून थेंब थेंब पडू लागला की समजावे.

या वेळात जुन्या तेलाकडे पाहा. ते पुष्कळ काही सांगते. काळे असले म्हणून घाबरू नका. डिझेलच्या गाडीत नवे तेलही थोड्याच दिवसांत काळे होते, काजळी त्याने आपल्या अंगावर घेतली, एवढाच त्याचा अर्थ. ताकासारखे पांढुरके दिसले, तर तेलात पाणी गेले आहे. पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर असे होते. पेट्रोल किंवा डिझेलचा उग्र वास आला, तर इंधन तेलात उतरते आहे. बोटांवर घेऊन उन्हात धरा. चमकणारे कण दिसले आणि बोटांना खरखर लागली, तर आत काहीतरी झिजते आहे. या तीन गोष्टींपैकी एकही दिसली, तर नवे तेल ओतून वेळ मारून नेऊ नका. मिस्त्रीला बोलवा. त्याला तेच तेल दाखवा.

तेलाची जाळी असेल, तर ती काढून डिझेलने धुवा आणि वाळवून बसवा. कागदी फिल्टर असेल, तर तो धुऊन पुन्हा वापरायचा नसतो, नवाच घालावा. बोल्ट पुसून नवा वॉशर घाला. आधी बोटांनी फिरवा. सरळ जात असेल, तर शेवटी पाना लावा. अंगातली सगळी ताकद लावू नका. इंजिनाचा तळ ॲल्युमिनियमचा असतो, मऊ असतो. आटे गेले, तर दहा रुपयांच्या वॉशरच्या जागी सगळा तळ बदलायची वेळ येते. आमच्याकडची तरणी पोरं इथेच जोर दाखवतात!

आता नरसाळ्याने तेल ओता. सगळे एकदम नको. पुस्तिकेत लिहिले आहे त्याहून थोडे कमी ओता आणि थांबा, म्हणजे ते तळाला जाईल. मग तेल मोजायची पट्टी पुसून घाला व काढून पाहा. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल दोहोंच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवे. काही गाड्यांत पट्टी आटे बसवून पाहायची असते, काहींत नुसती टेकवून. हेही पुस्तिकेतच सापडेल. खालच्या खुणेखाली तेल गेले, तर इंजिन उपाशी. वरच्या खुणेवर गेले, तर तेल घुसळून फेसाळते, सील फोडून बाहेर येते, धूर होतो. पिकाला पाणी जास्त झाले तरी मुळे कुजतात, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे.

झाकणे घट्ट लावा. इंजिन दोन-तीन मिनिटे हळू चालवा. तेलाचा लाल दिवा असेल, तर तो काही क्षणांत विझला पाहिजे. विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करा. खाली वाकून पाहा, बोल्टातून पाझर नाही ना. मग बंद करून पाच मिनिटांनी पट्टी पुन्हा पाहा. नव्या फिल्टरने थोडे तेल प्यालेले असते, तेवढे वरून घाला. आता वहीत लिहा: तारीख, मीटरचा आकडा, तेलाचा नंबर, किती लिटर, किती रुपये. गाडी चालवणारा एक आणि वही लिहिणारी दुसरी असली, तर अधिक बरे. हिशेबाला दोन डोळे जास्त मिळतात. पुढे गाडी विकायची झाली, तर अशी वही पाहून गिऱ्हाईकही दोन पैसे अधिक देते.

घमेल्यातल्या काळ्या तेलाचे काय करायचे? पुष्कळ घरी ते उकिरड्यावर किंवा नालीत ओततात. नालीचे पाणी पावसाळ्यात लेंडी नदीला मिळते, आणि उकिरड्यावरचे तेल झिरपत विहिरीकडे जाते. तेल पाण्यावर पसरते, कुजत नाही, आणि त्यात झिजलेल्या धातूंचे अंश असतात. काही लोक ते चुलीत सरपणावर टाकतात. त्याचा धूर बायका आणि लेकरांच्या छातीत जातो. काही जण म्हशीच्या गोचिडांवर किंवा बैलाच्या खांद्याच्या जखमेवर लावतात. जनावर ते चाटते. त्यासाठी जनावरांच्या दवाखान्यात औषध मिळते, ते आणा. कायद्यानेही जुने तेल घातक कचऱ्यात धरले आहे. २०१६ च्या नियमांत तसे स्पष्ट आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. होय, हे काळे तेल शुद्ध करून पुन्हा वापरता येते.

तेव्हा ते नरसाळ्याने जुन्या कॅनमध्ये भरा. त्यात पाणी, पेट्रोल किंवा माती मिसळू देऊ नका, मिसळले तर कोणी घेत नाही. कॅनवर ठळक अक्षरांत 'जुने तेल' असे स्वतःच्या हाताने लिहा, आणि तो मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी ठेवा. जमिनीवर सांडलेल्या तेलावर राख किंवा लाकडाचा भुसा टाकून ते टिपून घ्या. हात साबणाने धुवा, पेट्रोलने धुऊ नका, कातडी फाटते. दोन-तीन वेळचे तेल साठले की देगलूरला जाताना कॅन बरोबर घ्या आणि ज्या गॅरेजात जुने तेल गोळा करतात तिथे द्या. तेलाला थोडे पैसेही मिळतात. निघण्याआधी बूच घट्ट आहे का ते पाहा, नाहीतर पोत्यातल्या डाळीला वास लागायचा.